देवळालीचा ताप

ब्रिटनमधील बोलभाषेत डोके फिरलेल्या किंवा भान सुटलेल्या माणसासाठी 'डूलॅली' हे विशेषण वापरले जाते. ते सहसा नामाआधी न येता 'होणे' किंवा 'जाणे' अशा अर्थाच्या क्रियापदामागोमाग येते आणि आज त्यात निंदेपेक्षा थट्टेचा सूर अधिक असतो. हे विशेषण म्हणजे नाशिकजवळच्या देवळालीचे, गोऱ्या शिपायांच्या तोंडी बदललेले नाव होय.

देवळालीची छावणी 1861 च्या सुमारास उभी राहिली आणि 1865 मध्ये कसाऱ्याचा, म्हणजेच थळ घाटाचा लोहमार्ग खुला झाल्यावर तिचा मुंबई बंदराशी थेट संबंध जोडला गेला. विलायतेहून येणाऱ्या आणि मायदेशी परतणाऱ्या पलटणींतील शिपायांच्या मुक्कामासाठी तेथे बराकी बांधण्यात आल्या. 1870 च्या भरती कायद्याने ब्रिटिश सैन्यात अल्पमुदतीच्या नोकरीची पद्धत आणल्यामुळे मुदत पुरी झालेल्या शिपायांची परतीची रीघ वाढली. परंतु त्यांना नेणारी फौजी जहाजे तांबड्या समुद्रातील उन्हाळा टाळून मुख्यतः हिवाळी हंगामातच सुटत. त्यामुळे ज्याची मुदत हंगाम सरल्यावर संपे, त्याला पुढचा हंगाम लागेपर्यंत कित्येक महिने देवळालीत तिष्ठत बसावे लागे.

रॉयल वेल्श फ्युजिलिअर्स या पलटणीतून विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानात आलेला फ्रँक रिचर्ड्स याने 1936 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठवणींत या मुक्कामाचे वर्णन केले आहे. एरवी शिस्तीत राहिलेले शिपाईही तेथे रिकामपणामुळे बिघडत आणि नाना भानगडींत अडकत, असे सांगून विक्षिप्त वागणाऱ्याला 'डूलॅली टॅप' झाला म्हणण्याची रीत छावणीतील याच कंटाळ्यातून आली असावी, असे तो सुचवतो. यातील 'टॅप' म्हणजे आपला 'ताप'. बराकीतील हिंदुस्थानीतून तो शिपायांच्या तोंडी रुळला होता. 1925 मधील सैनिकी बोलीच्या एका इंग्रजी कोशात हा वाक्प्रचार जुन्या फौजेचा म्हणून नोंदलेला आहे. पुढे त्यातला ताप गळून पडला आणि गावाचे नाव तेवढे विशेषण होऊन उरले.

या शब्दाने देवळालीवर मात्र अन्यायच केला आहे. घाटमाथ्यावरील कोरड्या, थंड हवेमुळे हे ठिकाण पूर्वीपासून आरोग्यदायी मानले गेले असून, मुंबईची अनेक कुटुंबे हवापालटासाठी तेथे जात आणि त्यांच्यासाठी आरोग्यभवनेही उभी राहिली. शिपायांचे मन बिघडवणारी गोष्ट तेथील हवापाण्यात नव्हती. नोकरी संपूनही ज्यांना घर गाठता येत नव्हते आणि हाताला कामही नव्हते, अशा माणसांना महिनोन्‌महिने अडकवून ठेवणाऱ्या लष्करी व्यवस्थेत ती होती. तोफखान्याच्या प्रशिक्षणाचे केंद्र म्हणून आज देशभर ओळखल्या जाणाऱ्या देवळालीचा इतिहास सांगताना या विशेषणाची नोंद घ्यावीच लागते; मात्र तो दोष गावाचा नसून साम्राज्याच्या कारभाराचा होता, हेही त्याबरोबरच नोंदवले पाहिजे.