राजकवीची गादी आणि अटकळींचा बाजार

इंग्लंडच्या राजदरबारातील राजकवीचे पद रिकामे झाले म्हणजे पुढला मानकरी कोण, या प्रश्नावर तेथील वृत्तपत्रांतून आणि रसिकांच्या बैठकींतून जी चर्चा झडते, ती काव्यगुणांची असते. निवडीचा अधिकार ज्यांच्या हाती असतो त्यांचे लक्ष मात्र बहुधा निराळ्याच गोष्टींकडे लागलेले असते, हे त्या पदाचा इतिहास चाळणाऱ्यास लवकरच उमगते. १६६८ मध्ये दुसऱ्या चार्ल्सने ड्रायडनची नेमणूक केली आणि पुढे सनदेने त्यास वार्षिक तनखा व कॅनरी मद्याचे पिंप बहाल केले. परंतु १६८८ च्या राज्यक्रांतीनंतर, कॅथलिक पंथ स्वीकारलेल्या या कवीने नव्या राजसत्तेची शपथ घेण्याचे नाकारताच त्याची उचलबांगडी झाली, आणि ज्या शॅडवेलची त्याने आपल्या उपहासकाव्यात मनसोक्त टर उडविली होती, तोच त्या जागी येऊन बसला.

पद मिळाले तरी पदाला शोभेल असा पोशाख पदरी असेलच, असेही नाही. वृद्ध वर्ड्‌स्वर्थ राणीच्या भेटीस गेला तो सॅम्युएल रॉजर्स या धनिक कवीचा दरबारी पोशाख उसना घेऊन. १८५० मध्ये वर्ड्‌स्वर्थ वारल्यावर ते पद प्रथम रॉजर्सपुढेच ठेवण्यात आले. त्याने वार्धक्याचे कारण सांगून ते नाकारले, तेव्हा टेनिसनची निवड झाली, आणि टेनिसननेही दरबारात पाऊल टाकले ते रॉजर्सचाच तो पोशाख अंगावर चढवून!

अटकळींना खरा ऊत आला तो ऑक्टोबर १८९२ मध्ये टेनिसनच्या निधनानंतर. स्विन्बर्नच्या काव्यशक्तीविषयी कोणासच संशय नव्हता. पण त्याच्या १८६६ च्या कवितासंग्रहाने अश्लीलतेचा गहजब उडविला होता, आणि राजेशाहीविरुद्धची त्याची मते जगजाहीर होती. विल्यम मॉरिस समाजवादी पडला. चाचपणी झाली तेव्हा त्याने स्वतःच अंग काढून घेतले. मुंबईत जन्मलेला किपलिंग अद्याप तिशीच्याही आत होता. पुण्याच्या सरकारी महाविद्यालयाचे प्राचार्यपद भूषवून गेलेले आणि बुद्धचरित्रावरील काव्यामुळे जगभर गाजलेले सर एडविन आर्नल्ड यांचेही नाव घेतले जाई. लुइस मॉरिस या दुसऱ्या उमेदवाराने, आपल्याविरुद्ध मौनाचा कट चालला आहे, अशी तक्रार केली, तेव्हा ऑस्कर वाइल्डने त्यास त्या कटात सामील होण्याचा सल्ला दिला, अशी आख्यायिका आहे.

पंतप्रधान ग्लॅडस्टनने निर्णय टाळला, त्याच्यामागून आलेल्या रोझबरीनेही टाळला, आणि तीन वर्षांहून अधिक काळ गादी रिकामी राहिल्यावर १८९६ च्या आरंभी सॉल्सबरीने आल्फ्रेड ऑस्टिन या हुजूरपक्षाच्या इमानी पत्रकाराचे नाव जाहीर केले. दुसऱ्या कोणी अर्जच केला नव्हता, असे कारण सॉल्सबरीने दिल्याचे सांगतात. नेमणुकीस पंधरवडाही उलटला नाही तोच या राजकवीने ट्रान्सव्हालवरील जेमसनच्या चढाईचे गुणगान करणारे पद्य ‘टाइम्स’मध्ये छापवून, त्या चढाईपासून हात झटकू पाहणाऱ्या सरकारची पंचाईत केली, म्हणजे ज्या निरुपद्रवीपणासाठी त्यास निवडले असावे, तोही पदरी पडला नाही. १९१३ मध्ये ऑस्टिन वारला तेव्हा पुन्हा किपलिंगचाच पुकारा झाला, आणि पंतप्रधान अ‍ॅस्क्विथने रॉबर्ट ब्रिजेस यास नेमले.

आपल्याकडे बडोद्याने चंद्रशेखर आणि यशवंत यांना राजकवी म्हणून गौरविले, ते संस्थानिकाच्या मर्जीने. तेथे प्रजेने पैजा मारण्यास फारसा वाव नव्हता. इंग्लंडात मात्र १९९९ पासून हे पद दहा वर्षांच्या मुदतीचे झाले असून सायमन आर्मिटेज यांची नेमणूक २०१९ ची असल्यामुळे पुढील अटकळींचा मुहूर्तही आता पंचांगातून काढता येतो. वर्ड्‌स्वर्थ आणि टेनिसन यांच्यासारखे अपवाद सोडले, तर दरबाराने आपली सोय पाहिली आणि रसिकांनी कवी पाहिला, असाच आजवरचा दाखला आहे. स्विन्बर्न, विल्यम मॉरिस, किपलिंग ही नावे पुढे करणाऱ्यांचे भाकीत साफ फसले, परंतु त्यांची पारख फसली नाही. म्हणून त्या काळची वाङ्मयीन अभिरुची ज्यास जाणून घ्यावयाची असेल, त्याने नेमणुकीच्या दप्तरापेक्षा या फसलेल्या अटकळींवरच अधिक भरवसा ठेवावा.