काचेवर उमटलेले तारे
आकाशाचे छायाचित्र घ्यायचे तर आधी धीर हवा. १८४० मध्ये न्यूयॉर्कच्या जॉन ड्रेपर यांना चंद्र टिपायला सुमारे २० मिनिटे लागली. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये अँड्र्यू कॉमन यांनी मृगातील तेजोमेघाचे छायाचित्र घेतले, तेव्हा दुर्बिणीतून पाहणाऱ्या डोळ्यालाही न दिसणारे तारे काचेवर उमटले. डोळा प्रकाश साठवत नाही. रासायनिक लेपाची काच साठवते.

ग्रीनिच वेधशाळेने २००९ मध्ये खगोल-छायाचित्रांची स्पर्धा सुरू केली, तीत १६ वर्षांखालील मुलांचा वेगळा गट ठेवला. आपणही मुलांच्या हाती कॅमेरा देऊ या. मात्र दिनांक, वेळ, स्थळ आणि शटर किती सेकंद उघडे होते, हे त्यांना लिहायला लावू. नोंद नसेल, तर उरते ते सुंदर चित्र; निरीक्षण नव्हे.