स्तनाच्या कर्करोगाची चाळणी तपासणी

स्तनाच्या कर्करोगाची चाळणी तपासणी म्हणजे कोणतेही लक्षण नसलेल्या स्त्रियांमध्ये हा रोग लवकर सापडावा, या हेतूने ठरावीक काळाने केली जाणारी तपासणी होय. ‘चाळणी’ हा शब्द येथे अन्वर्थक आहे. चाळणीवर उरते ते सारे खडेच असते असे नाही. तसेच या तपासणीत संशयास्पद ठरलेल्या बहुतेक स्त्रियांना कर्करोग नसतो. निश्चित निदान सुईने काढलेल्या ऊतीच्या सूक्ष्मदर्शकीय परीक्षणानंतरच होते. ज्या स्त्रीला गाठ आधीच जाणवली आहे, तिने चाळणी तपासणीची वाट न पाहता थेट डॉक्टरांकडे जाणे आवश्यक असते.

मॅमोग्राफी

या पद्धतीत स्तन दोन सपाट पट्ट्यांमध्ये दाबून धरून क्ष-किरणांनी त्याचे चित्र घेतात. दाबामुळे काही क्षण दुखते. परंतु ऊती पसरल्याने हाताला न लागणारी गाठ किंवा कॅल्शियमचे सूक्ष्म कणही दिसू शकतात. बर्लिनचे शल्यचिकित्सक आल्बर्ट सालोमोन यांनी १९१३ मध्ये शस्त्रक्रियेत काढलेल्या स्तनांची क्ष-किरण चित्रे अभ्यासून या तंत्राचा पाया घातला. चाळणी म्हणून त्याची पहिली मोठी तुलनात्मक चाचणी १९६३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झाली.

जागतिक आरोग्य संघटना साधनसंपन्न देशांत ५० ते ६९ वयोगटासाठी दर दोन वर्षांनी मॅमोग्राफी सुचवते. तरुण वयात स्तनातील ग्रंथी दाट असतात व चित्रात पांढऱ्या दिसतात. गाठही पांढरीच दिसत असल्याने ती निसटू शकते. अशा वेळी सोनोग्राफीची जोड देतात. बीआरसीए जनुकांत दोष असलेल्या स्त्रियांसाठी एमआरआय अधिक उपयुक्त ठरते.

या पद्धतीची दुसरी बाजू म्हणजे अतिनिदान, अर्थात जो रोग आयुष्यभर त्रास देणार नव्हता त्याच्यावरही उपचार होणे. ब्रिटनमधील स्वतंत्र समितीच्या २०१२ च्या अंदाजानुसार चाळणीमुळे या रोगाचे मृत्यू सुमारे २० टक्क्यांनी घटतात. मात्र एक मृत्यू टळतो तेव्हा सुमारे तीन स्त्रियांचे अतिनिदान होते. ही माहिती तपासणीपूर्वीच स्त्रीला मिळणे न्याय्य होय.

हाताने केलेली तपासणी

भारतात हा रोग पाश्चात्त्य देशांच्या तुलनेने कमी वयात आढळतो आणि मॅमोग्राफीची यंत्रे प्रामुख्याने शहरांत आहेत. त्यामुळे प्रशिक्षित व्यक्तीने हाताने केलेल्या तपासणीला येथे विशेष महत्त्व आहे. टाटा स्मारक केंद्राने १९९८ मध्ये मुंबईत ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांवर याचा अभ्यास सुरू केला. निम्म्या वस्त्यांत डॉक्टरांऐवजी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत तपासणी केली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तपासणी झालेल्या गटात रोग तुलनेने आधीच्या टप्प्यावर सापडला. मृत्यूंतील एकूण १५ टक्के घट संख्याशास्त्रीय कसोटीवर टिकली नाही. पन्नाशी व त्यापुढील स्त्रियांत मात्र ती जवळजवळ ३० टक्के होती. पन्नाशीच्या आत लाभ दिसला नाही, हेही नोंदवले पाहिजे.

भारत सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी अशी तपासणी अपेक्षित आहे.

स्वतपासणी

शांघायमधील कापड गिरण्यांत काम करणाऱ्या सुमारे २,६६,००० स्त्रियांवरील चाचणीत स्वतपासणीच्या शिक्षणाने मृत्यू घटले नाहीत. निरुपद्रवी गाठींच्या तपासण्या मात्र वाढल्या. म्हणून आता ठरावीक पद्धतीच्या मासिक स्वतपासणीऐवजी गाठ, त्वचेवरील खळी, आत ओढले गेलेले स्तनाग्र किंवा रक्तमिश्रित स्राव यांसारखा बदल दिसताच, संकोच न करता तो दाखवण्यावर भर दिला जातो.