कोळशाच्या विजेपासून विजेच्या मोटारसायकलीपर्यंत

अमरावतीहून नागपूरच्या रस्त्याला लागलं की नांदगाव पेठच्या एमआयडीसीत औष्णिक वीज प्रकल्पाच्या चिमण्या दिसतात. २७० मेगावॉटचे पाच संच, एकूण १३५० मेगावॉट. आज नाव रतनइंडिया पॉवर. गावातली जुनी माणसं मात्र ‘सोफिया’ हे पहिलं नावच घेतात. अप्पर वर्धा धरणाचं सिंचनाचं पाणी या प्रकल्पाला देण्यावरून शेतकऱ्यांनी केलेलं आंदोलन वऱ्हाड विसरलेलं नाही, विसरूही नये.

प्रकल्प उभारणाऱ्या इंडियाबुल्सची सुरुवात शेअर दलालीतून झाली. वीज बनवण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी नव्हता. तरी काम निभावलं, कारण संच ‘भेल’ या सरकारी कंपनीचे होते आणि ‘भेल’नं अर्धशतक तेच केलं होतं. अनुभव विकत मिळाला. २०१४ मध्ये संस्थापकांनी वाटण्या केल्या, वीज प्रकल्प राजीव रतन यांच्याकडे आले आणि इंडियाबुल्स पॉवरचं रतनइंडिया पॉवर झालं.

पुढचं वळण कोणाला सुचलं नसतं. समूहातल्या रतनइंडिया एंटरप्रायझेसनं २०२१ मध्ये ‘रिव्होल्ट’ या विजेच्या मोटारसायकल कंपनीत पैसा घातला आणि जानेवारी २०२३ मध्ये ती पूर्णपणे ताब्यात घेतली. रिव्होल्ट सुरू केली होती राहुल शर्मा यांनी, म्हणजे मायक्रोमॅक्स मोबाईलच्या संस्थापकांपैकी एकानं. २०१९ ची त्यांची आरव्ही४०० पाहिली की तो वारसा कळतो: गाडी मोबाईलच्या अ‍ॅपशी जोडलेली, बॅटरी काढून घरात चार्ज करता येणारी, आणि इंजिन नसताना इंजिनाचा आवाज, तोही आपल्या आवडीचा निवडायचा.

ज्यांनी कधी गाड्या बनवल्या नाहीत त्यांनी त्या बनवाव्यात का? वेगापुरतं बोलायचं तर खुशाल. विजेची मोटर जागेवरूनच पूर्ण जोर देते. क्लच आणि गिअर यांत पिढ्यांनी मुरवलेलं कसब तिथे फारसं कामाला येत नाही. क्रोएशियाच्या माटे रिमाक या तरुणानं २००९ मध्ये विजेच्या मोटारींची कंपनी काढली आणि २०२१ मध्ये बुगाटी या नामांकित मोटार कंपनीचा कारभार त्याच्या हाती आला. आपल्या महिंद्रांच्या मालकीच्या पिनिनफरिनाची ‘बॅटिस्टा’ ही विजेची मोटार दोन सेकंदांच्या आत शंभराचा वेग गाठते. तिची बॅटरी आणि मोटर यांचं तंत्र याच रिमाकचं. जुन्या घराण्यानं नवख्याकडून शिकावं, यात मला कमीपणा वाटत नाही.

वेगापलीकडचं मात्र वेगळं. २०२२ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर देशात विजेच्या स्कूटरना आगी लागल्या, पुण्यातही लागली. त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षेचे एआयएस-१५६ हे नियम कडक झाले. लिथियमच्या बॅटरीला उष्णता सोसत नाही, आणि अकोल्या-अमरावतीत मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. इथे अनुभव लागतो. टाटांनी १९९८ मध्ये इंडिका आणली, पहिल्या गाड्यांबद्दल तक्रारी आल्या, त्या ऐकून २००१ मध्ये व्ही-२ काढली. ग्राहकाचं बोलणं ऐकून गाडी सुधारण्याची ती सवय कुठल्या ‘भेल’कडून विकत मिळत नाही. जानेवारी २०२० ची त्यांची विजेची नेक्सॉन ईव्ही नव्यानं आखलेली नव्हती. पेट्रोल-डिझेलवर धावलेल्या गाडीच्याच सांगाड्यात, द्रवानं थंड राहणारी बॅटरी बसवून ती आली. धाडस कमी होतं, पण लोकांनी घेतली.

म्हणून रतनइंडियाची खरी कसोटी वीज प्रकल्पाहून अवघड आहे, असं मला वाटतं. नांदगाव पेठच्या विजेचं मोठं गिऱ्हाईक एकच, महावितरण. मोटारसायकलीचं गिऱ्हाईक गावोगाव विखुरलेलं. तिवस्यासारख्या गावात एखाद्याची बॅटरी बंद पडली तर त्याला कंपनीचा माणूस तिवस्यात हवा, सुटा भाग त्याच आठवड्यात हवा. कंपनीनं वऱ्हाडात आधी कार्यशाळा आणि मेकॅनिक उभे करावेत, नवं मॉडेल नंतर आणावं.