मुंबईतील उपकरप्राप्त इमारती

उपकरप्राप्त इमारती म्हणजे मुंबई बेटशहरातील अशा जुन्या, प्रामुख्याने भाडेकरूंच्या ताब्यातील खासगी इमारती, ज्यांवर मालमत्ता करासोबत 'इमारत दुरुस्ती उपकर' आकारला जातो आणि ज्यांच्या संरचनात्मक दुरुस्तीची जबाबदारी त्या बदल्यात शासकीय मंडळाने स्वीकारलेली आहे. उपकराची वसुली बृहन्मुंबई महानगरपालिका करते, तर दुरुस्तीचे काम महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरणाचा (म्हाडा) घटक असलेले मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ पाहते. कुलाब्यापासून माहीम आणि शीवपर्यंतचा भाग, म्हणजे महानगरपालिकेचे 'ए' ते 'जी' विभाग, या योजनेच्या कक्षेत येतो. उपनगरांतील इमारतींना ती लागू नाही.

मालमत्ता खासगी, परंतु तिच्या देखभालीचा मोठा भाग सार्वजनिक निधीतून, अशी ही व्यवस्था आहे. गेल्या पाच दशकांत तिने हजारो इमारतींचे आयुष्य वाढवले. मात्र दुरुस्तीचा खर्च आणि उपकराचे उत्पन्न यांतील तफावत कधीही भरून निघाली नाही.

पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभी कापड गिरण्या, गोदी आणि रेल्वे यांमुळे मुंबईची लोकसंख्या वेगाने वाढली. गिरगाव, भुलेश्वर, डोंगरी, भायखळा, लालबाग, परळ या भागांत भाड्याने देण्यासाठी चाळी बांधल्या गेल्या. विटांच्या भिंती, सागवानी खांब व तुळया, लाकडी जिने, सामाईक सज्जे आणि मजल्याच्या टोकाला सामाईक शौचालये अशी त्यांची सर्वसाधारण रचना होती. शौचालये आणि मोऱ्या यांतून झिरपणारे पाणी, पावसाळ्यातील छपरांची गळती आणि वाळवी यांमुळे लाकडी सांगाडा कमकुवत होत असे. त्यामुळे या इमारतींना नियमित डागडुजीची गरज होती.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घरभाड्यांवर निर्बंध आले. पुढे 'मुंबई भाडे, हॉटेल व निवासगृह दर नियंत्रण अधिनियम, १९४७' या कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी असलेले भाडे हे 'प्रमाण भाडे' ठरवले. या कायद्यामुळे लाखो कुटुंबांना बेदखलीपासून संरक्षण मिळाले. परंतु बांधकाम साहित्य आणि मजुरीचे दर वाढत असताना भाडे गोठलेले राहिल्याने बहुतेक मालकांनी दुरुस्तीवर खर्च करणे थांबवले. इमारत चांगल्या स्थितीत राखण्याचे मालकाचे कर्तव्य कायद्यात कायम होते, पण ते पार पाडण्याइतके उत्पन्न इमारतीतून मिळत नव्हते. मालकाने दुरुस्ती न केल्यास ती स्वतः करून खर्चाचा ठरावीक भाग भाड्यातून वळता करण्याची मुभा भाडेकरूंना होती. मात्र भाडेच अल्प असल्याने या तरतुदीतून मोठी दुरुस्ती होणे शक्य नव्हते.

इमारती कोसळण्याचे प्रकार वाढू लागल्यावर इ.स. १९६८ मध्ये राज्य शासनाने बेडेकर समिती नेमली. त्यानंतर 'मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ अधिनियम, १९६९' संमत झाला.

कायदा व प्रशासन

१९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ आणि दुरुस्ती उपकर या दोहोंची निर्मिती केली. 'महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास अधिनियम, १९७६' डिसेंबर १९७७ मध्ये अमलात आल्यावर ही व्यवस्था म्हाडाकडे आली आणि तिच्या तरतुदी नव्या कायद्याच्या आठव्या प्रकरणात समाविष्ट झाल्या. इ.स. १९९२ मध्ये मुंबईच्या गृहनिर्माण मंडळाची विभागणी होऊन दुरुस्तीसाठी पुन्हा स्वतंत्र मंडळ अस्तित्वात आले.

बांधकामाच्या कालखंडानुसार इमारतींचे तीन गट करण्यात आले आहेत:

'अ' गट: १ सप्टेंबर १९४० पूर्वी बांधलेल्या इमारती (मूळ संख्या १६,५०२)
'ब' गट: १ सप्टेंबर १९४० ते ३१ डिसेंबर १९५० या काळात बांधलेल्या इमारती (१,४८९)
'क' गट: १ जानेवारी १९५१ ते ३० सप्टेंबर १९६९ या काळात बांधलेल्या इमारती (१,६५१)

अशा प्रकारे योजनेच्या आरंभी एकूण १९,६४२ इमारती उपकरास पात्र होत्या. पुनर्बांधणी, पाडकाम आणि पडझड यांमुळे हा आकडा घटत जाऊन आता सुमारे १३ ते १४ हजारांवर आला आहे. शासकीय आणि महानगरपालिकेच्या मालकीच्या इमारती, तसेच पूर्णतः अनिवासी वापराच्या इमारती उपकरातून वगळलेल्या आहेत.

उपकर व निधी

उपकर इमारतीच्या करपात्र मूल्याच्या प्रमाणात आकारला जातो. त्याचा दर इमारतीच्या गटानुसार, तसेच तिची संरचनात्मक दुरुस्ती झाली आहे की नाही यानुसार बदलतो. तो मालकाकडून वसूल होतो आणि मालकाला त्यातील भाग भाडेकरूंकडून घेता येतो. उपकराखेरीज राज्य शासन, म्हाडा आणि महानगरपालिका यांच्या अंशदानातूनही मंडळाला निधी मिळतो.

या रचनेतील मूलभूत अडचण उपकराच्या पायातच आहे. जुन्या इमारतींचे करपात्र मूल्य नियंत्रित भाड्यावर आधारलेले असल्याने ते अत्यंत कमी राहिले. परिणामी, ज्या इमारतींना सर्वाधिक दुरुस्तीची गरज होती, त्यांच्याकडूनच सर्वांत कमी उपकर जमा होत असे. भाडे गोठल्याने मालकाला खर्च परवडेना, म्हणून शासनाने ती जबाबदारी घेतली. पण शासनाचे त्यासाठीचे उत्पन्नही त्याच गोठलेल्या भाड्याशी जोडलेले राहिले.

दुरुस्तीची पद्धत

कायद्यानुसार दुरुस्तीचे दोन प्रकार पडतात. भिंती, तुळया, खांब, जिने, छत यांसारख्या भारवाहक भागांची संरचनात्मक दुरुस्ती मंडळाने करावयाची असते. रंगसफेदीसारखी किरकोळ देखभाल ही मालकाची जबाबदारी आहे.

मंडळाचे अभियंते दरवर्षी पावसाळ्यापूर्वी इमारतींची पाहणी करतात आणि अतिधोकादायक इमारतींची यादी प्रसिद्ध करतात. तातडीच्या प्रसंगी इमारतीला टेकू लावून आधार दिला जातो. प्रत्यक्ष दुरुस्तीत कुजलेल्या लाकडी तुळयांच्या जागी लोखंडी तुळया बसवणे, लाकडी तक्तपोशीऐवजी काँक्रीटची लादी घालणे, शौचालयांचा भाग नव्याने बांधणे आणि गळती रोखणे ही कामे प्रामुख्याने केली जातात. काही इमारतींची अशी दुरुस्ती एकापेक्षा अधिक वेळा झालेली आहे.

मंडळाने करावयाच्या खर्चाला प्रति चौरस मीटर कमाल मर्यादा आहे. ही मर्यादा शासनाने वेळोवेळी वाढवली आहे. अंदाजित खर्च मर्यादेबाहेर जात असल्यास वाढीव रक्कम भरण्याची तयारी रहिवाशांनी दाखवावी लागते. अन्यथा वाजवी खर्चात दुरुस्ती अशक्य असल्याचे कलम ८८ अन्वये प्रमाणित करून इमारत रिकामी करण्याची कार्यवाही करता येते.

संक्रमण शिबिरे

दुरुस्ती वा पुनर्बांधणीच्या काळात रहिवाशांची तात्पुरती सोय संक्रमण शिबिरांत केली जाते. शीवचे प्रतीक्षानगर, धारावी, गोरेगाव, विक्रोळीचे कन्नमवारनगर, मानखुर्द इत्यादी ठिकाणी अशी शिबिरे आहेत. बरीच शिबिरे मूळ वस्तीपासून दूर असल्याने नोकरी, शाळा आणि व्यवसाय यांवर परिणाम होतो. मूळ इमारतीच्या जागी नवी इमारत उभी न राहिल्यास रहिवाशांची नावे 'बृहतसूची'त समाविष्ट केली जातात आणि अन्यत्र उपलब्ध होणाऱ्या गाळ्यांचे वाटप त्या सूचीतून होते. काही कुटुंबांच्या दोन पिढ्या संक्रमण शिबिरांत गेल्या आहेत. धोकादायक घोषित झालेली घरे रिकामी करण्यास रहिवासी कचरतात, याचे हे एक प्रमुख कारण आहे. घर सोडल्यास त्यावरील हक्कही जाईल, ही भीती त्यामागे असते. शिबिरांतील गाळ्यांमधील अनधिकृत वास्तव्य हाही प्रशासनापुढील दीर्घकालीन प्रश्न आहे.

दुरुस्तीकडून पुनर्विकासाकडे

इ.स. १९८६ मध्ये अधिनियमात प्रकरण आठ-अ समाविष्ट करण्यात आले. त्यानुसार ७० टक्के रहिवाशांच्या सहकारी संस्थेने मागणी केल्यास मासिक भाड्याच्या शंभर पट रक्कम देऊन इमारत संपादित करण्याची तरतूद झाली. मालकांच्या संघटनेने या तरतुदीला न्यायालयात आव्हान दिले. हे प्रकरण इ.स. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पोहोचले आणि टप्प्याटप्प्याने नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाकडे सोपवले गेले. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी या पीठाने बहुमताने निर्णय दिला की, राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९(ख) मधील 'समाजाची भौतिक साधनसंपत्ती' या संज्ञेत प्रत्येक खासगी मालमत्तेचा समावेश होत नाही.

विकास नियंत्रण नियमावली, १९९१ मधील नियम ३३(७) नुसार उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्बांधणीस वाढीव चटईक्षेत्र निर्देशांक मिळू लागला. रहिवाशांना विनामूल्य घरे देऊन उरलेले क्षेत्र विकासकाने बाजारभावाने विकावे, असे तिचे सूत्र आहे. इमारतींच्या समूहासाठी नियम ३३(९) लागू होतो. भेंडीबाजारातील समूह पुनर्विकास हे त्याचे ठळक उदाहरण आहे. अरुंद गल्ल्या, लहान भूखंड, मालकांमधील वाद आणि विक्रीयोग्य क्षेत्राचा अभाव असलेल्या ठिकाणी विकासक पुढे येत नाहीत. त्यामुळे अशा इमारती दुरुस्तीवरच अवलंबून राहतात.

रखडलेल्या प्रकल्पांसाठी अधिनियमात कलम ७९-अ घालण्यात आले. या दुरुस्तीस इ.स. २०२२ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली. धोकादायक इमारतीच्या पुनर्विकासाचा प्रस्ताव सादर करण्यासाठी प्रथम मालकाला आणि त्याने तो न दिल्यास रहिवाशांच्या संस्थेला प्रत्येकी सहा महिन्यांची मुदत मिळते. दोघेही असमर्थ ठरल्यास म्हाडा स्वतः पुनर्विकास हाती घेऊ शकते.

भाडे नियंत्रणाच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये प्रमाण भाडे गोठवणाऱ्या तरतुदी कालौघात अवाजवी झाल्याचे मत नोंदवले. त्यानंतर 'महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९' हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने भाड्यात दरवर्षी चार टक्के वाढीस परवानगी दिली आणि पागडीच्या व्यवहारांना कायदेशीर मान्यता दिली. मूळ भाडेच अल्प असल्याने या वाढीचा दुरुस्तीच्या क्षमतेवर मर्यादित परिणाम झाला.

सार्वजनिक मालकीच्या इमारती

उपकराच्या कक्षेबाहेरील सार्वजनिक इमारतींची देखभाल त्या त्या यंत्रणेच्या अंदाजपत्रकातून होते. इ.स. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सुधार न्यासाने बांधलेल्या बीआयटी चाळी न्यासाच्या विलीनीकरणानंतर महानगरपालिकेकडे आल्या. वरळी (१२१), नायगाव (४२), ना. म. जोशी मार्ग (३२) आणि शिवडी (१२) येथील एकूण २०७ बीडीडी चाळींची देखभाल सार्वजनिक बांधकाम विभागाकडे होती. त्यांपैकी पहिल्या तीन ठिकाणी म्हाडामार्फत पुनर्विकास सुरू आहे. तेथील १६० चौरस फुटांच्या खोल्यांच्या बदल्यात ५०० चौरस फुटांची घरे दिली जात आहेत.

प्रमुख दुर्घटना

२७ सप्टेंबर २०१३ रोजी डॉकयार्ड रोड येथील बाबू गेनू मंडईची इमारत कोसळून ६१ जणांचा मृत्यू झाला. ही उपकरप्राप्त इमारत नव्हती. ती महानगरपालिकेच्याच मालकीची होती, तिचे वय सुमारे तीन दशके होते आणि तेथे पालिका कर्मचाऱ्यांची कुटुंबे राहत होती. केवळ जुने लाकडी बांधकामच धोकादायक असते, हा समज या घटनेने खोडून काढला. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातील हुसैनी इमारत कोसळून ३० हून अधिक जण मृत्युमुखी पडले. पुनर्विकासासाठी निवडलेल्या या इमारतीत काही कुटुंबे अद्याप राहत होती. जुलै २०१९ मध्ये डोंगरीतील केसरबाई इमारतीचा भाग आणि जुलै २०२० मध्ये फोर्ट भागातील भानुशाली इमारतीचा भाग कोसळूनही जीवितहानी झाली.

मूल्यमापन

भाडेकरूंच्या दृष्टीने या योजनेमुळे शहराच्या मध्यवर्ती भागात अल्प उत्पन्न गटातील कुटुंबांना राहता आले आणि अनेक इमारती त्यांच्या अपेक्षित आयुर्मानापलीकडे टिकल्या. मालकांचा आक्षेप असा की, भाडे नियंत्रणाने उत्पन्न रोखून नंतर दुरुस्तीचे अधिकारही काढून घेण्यात आले. निधीच्या मर्यादेमुळे दुरुस्ती बहुधा इमारत धोकादायक झाल्यावरच होते. नियमित देखभालीपेक्षा असा विलंबित खर्च अधिक महाग पडतो, ही टीकाही केली जाते. शहरातील जमिनीचे मूल्य वाढत गेल्याने धोरणाचा भर क्रमशः दुरुस्तीवरून पुनर्विकासाकडे सरकला. ज्या इमारतींचा पुनर्विकास आर्थिकदृष्ट्या शक्य नाही, त्यांच्यासाठी मात्र दुरुस्ती मंडळ हाच आजही मुख्य आधार आहे.

हे सुद्धा पहा

म्हाडा
बीडीडी चाळी
चाळ
पागडी पद्धत
महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९