कैकाडीतला ‘क’

सोलापुरात मराठी, कानडी आणि तेलुगू भर बाजारात कानांवर पडतात. चौथी, कैकाडी, टोपल्या विणणाऱ्या कैकाडी समाजाच्या घरांतच बोलली जाते. ती तमिळच्या गोतातली. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या चौथ्या खंडात (1906) कैकाडी, येरुकला, कोरवा आणि बुरगंडी या बोली तमिळखाली मांडल्या आहेत. कैकाड्यांवर लादलेला गुन्हेगार जमाती कायदा, त्याखालची सेटलमेंट, तिचे तारेचे कुंपण आणि 31 ऑगस्ट 1952 ची सुटका हे सोलापूरकरांना वेगळे सांगायला नको.

मला धरून ठेवले ते ‘कैकाडी’ या नावाने. जुनी व्युत्पत्ती अशी: तमिळ ‘कै’ म्हणजे हात, ‘कूडै’ म्हणजे टोपली. फोक आडवेउभे टाकून बूड धरायचे, मग फेर विणत कड वर घ्यायची, यावर ज्यांचे पोट, त्यांना हे नाव शोभते. पण कानडीतही हाताला ‘कै’च म्हणतात आणि सोलापूरच्या शेजारी तमिळ नव्हे, कानडी आहे. मग नाव कानडी का नसावे? (तेलुगू आधीच बाद, तिथे हात ‘चेयि’.) कानडीत टोपलीला एरवी ‘बुट्टी’ म्हणतात आणि ‘कूडै’चे सख्खे रूप आहे ‘गूडे’. त्यातून ‘कैगाडी’ निघाले असते. तमिळमध्ये मात्र ‘कै’पुढचा ‘क’ दुणावतो: कैक्कूडै. तो कठोर ‘क’ मराठीत शाबूत उतरला आहे. माझ्या मते निकाल इथेच लागतो.

राहिला ‘कू’चा ‘का’. मधला ‘ऊ’ टाकण्याची मराठीला सवयच आहे: लाकूड पण लाकडी, माणूस पण माणसाला. त्या न्यायाने ‘कैकडी’ व्हायला हवे होते. काना कुठून आला, याचा लेखी पुरावा माझ्यापाशी नाही. पण भराडी, कोल्हाटी ही भटक्यांची नावे मराठी तोंडांत आधीच बसलेली होती. त्यांच्या वळणावर हे नाव गेले, असे मी खुशाल म्हणतो.

आणखी एक शंका उरते. मराठी गावकरी कुणाला तमिळ नाव कशाला देतील? देणार नाहीतच. म्हणजे हे नाव दक्षिणेतच पडले आणि माणसांबरोबर वर आले. तेलुगू मुलखात याच गोताला ‘येरुकला’ म्हणतात, ते ‘एरुक’ म्हणजे जाण, भविष्य सांगणे यावरून. तिथल्यांना बायकांचा जोतिषाचा धंदा दिसला, तमिळ मुलखात हातातली टोपली दिसली. सोलापुरातले कुचकोरवीही याच गोताचे. त्यांचे नाव विणकरांच्या ताण्याला लागणाऱ्या कुंच्यावरून पडले.