हरवलेले जग : भाग दुसरा

इतिहासावर काही लिहून पाठवा, असे संपादकांचे पत्र आले आणि मी एका इंग्रजी सिनेमाविषयी लिहायला बसलो आहे. वाचकांनी थोडा धीर धरावा. इतिहास वाटेत भेटेल.

सिनेमा म्हणजे स्टीव्हन स्पीलबर्गचा ‘द लॉस्ट वर्ल्ड’, ‘ज्युरासिक पार्क’चा दुसरा भाग. साल १९९७. मी नुकताच मॅट्रिक होऊन घरी बसलो होतो. पुढे शिकायचे की वडिलांबरोबर शेतात जायचे, याचा निकाल लागायचा होता. (तो शेतीच्या बाजूने लागला, मास्तरकी मागाहून कशी गळ्यात पडली, ती कथा निराळी.) मी आणि माझा मावसभाऊ वळसंगच्या फाट्यावर अक्कलकोटहून येणारी एसटी धरून सोलापुरास गेलो, खेळ पाहिला, परतीची शेवटची गाडी चुकली, आणि रात्र स्टँडच्या बाकावर काढली. त्या रात्री सुरू झालेला वाद आम्हां दोघांत अजून चालू आहे. त्याचे म्हणणे, पहिल्या भागापुढे दुसरा म्हणजे ताकापुढे पाणी. माझे म्हणणे तेव्हाही वेगळे होते, आज तर अधिकच वेगळे आहे.

पहिला भाग आपल्याकडे १९९४ साली हिंदीत आला, आणि ज्यांनी जन्मात इंग्रजी चित्रपट पाहिला नव्हता, तेही तिकिटाच्या रांगेत उभे राहिले. दोन तासांच्या त्या चित्रपटात डायनासोर जेमतेम पंधरा मिनिटे दिसतात. उरलेला वेळ आपण त्यांची वाट पाहत असतो. पेल्यातले पाणी थरथरते आणि आपले काळीजही. दुसऱ्या भागाला ही सोय राहत नाही. प्राणी कसा दिसतो हे प्रेक्षकाला ठाऊक झालेले असते. कादंबरी लिहिणाऱ्या माणसाला ही अडचण चांगली कळते. वाचक पहिल्या पुस्तकावर खूष होऊन ‘आणखी लिहा’ म्हणतो. त्याला हवे असते ते पहिलेच पुस्तक, फक्त न वाचलेले.

या हट्टापुढे भले भले वाकले आहेत. कॉनन डॉइलने १८९३ साली शेरलॉक होम्सला धबधब्यात लोटले आणि दहा वर्षांनी, १९०३ साली, त्याला जिवंत परत आणले. ‘ज्युरासिक पार्क’चा लेखक मायकेल क्राइटन याने आपल्या १९९० च्या कादंबरीत इयन माल्कम या गणितज्ञाला मारलेच होते. सिनेमातला माल्कम मात्र जगला आणि लोकांचा लाडका झाला. मग १९९५ च्या दुसऱ्या कादंबरीत क्राइटनसाहेबांना सांगावे लागले की, मृत्यूची बातमी खोटी होती! त्या कादंबरीचे नावही डॉइलच्याच १९१२ सालच्या कादंबरीचे. डॉइलच्या ‘लॉस्ट वर्ल्ड’वर १९२५ साली मूकपट निघाला, आणि त्याच्या अखेरीस एक अजस्र डायनासोर लंडनच्या रस्त्यांत सुटतो. प्राण्यांचे बाहुले इंचाइंचाने हलवून ते चित्रण करणाऱ्या विलिस ओब्रायननेच पुढे १९३३ साली ‘किंग काँग’ न्यूयॉर्कात सोडला. स्पीलबर्गने आपला टायरॅनोसॉरस सॅन डिएगो शहरात सोडला तो याच घराण्याच्या रिवाजाने. (स्पीलबर्ग आपल्याला अगदीच परका नाही. त्याच्या ‘क्लोज एन्काउंटर्स’मधला भारतातला प्रसंग १९७७ साली खालापूरजवळच्या हाळ गावी चित्रित झाला होता.)

आता माझे मत. सॅन डिएगोचा भाग मला आवडत नाही. जहाज धक्क्यावर आदळते, खलाशी सगळे मेलेले, आणि टायरॅनोसॉरस मात्र तळघरात कोंडलेला. मग खलाशांना खाल्ले कोणी? मावसभावाने हा प्रश्न त्या रात्री स्टँडवर विचारला आणि मी निरुत्तर झालो. अठ्ठावीस वर्षे होऊन गेली, उत्तर अजून मिळालेले नाही. कसरत करणारी मुलगी लाथेने रॅप्टरला खिडकीबाहेर उडवते, तेथेही मी मान खाली घातली होती. परंतु कड्यावर लोंबकळणारी ती गाडी, तिच्या काचेवर पडलेली सारा, आणि तळहाताखाली रेघारेघांनी तडकत जाणारी काच! त्या वेळी थिएटरात कोणी शेंगासुद्धा सोलल्या नाहीत.

पण माझा खरा मुद्दा भीतीचा नाही. पहिला भाग विचारतो, नाहीसा झालेला प्राणी माणसाला परत आणता येईल काय? दुसरा भाग विचारतो, आणला, आता त्याने राहायचे कोठे? हा प्रश्न अधिक कठीण आहे आणि पडद्यावर फारसा कोणी विचारत नाही. बेटावर एकीकडून प्राणी पाहायला आलेले लोक उतरतात, दुसरीकडून त्यांना पकडून विकायला आलेले. गंमत अशी की, अनर्थ घडतो त्यात पाहायला आलेल्या सज्जनांचा हातभार मोठा. जखमी पिल्लाला मलमपट्टीसाठी गाडीत आणतात तेच. अखेरीस बेट एकटे सोडावे, या निर्णयाशी चित्रपट थांबतो. सतराव्या वर्षी मला तो शेवट फार पटला होता. आज तितका पटत नाही.

त्याचे कारण गवतात आहे. चित्रपटात शिकारी उंच गवतात शिरतात आणि वरून दिसते की गवतात चहूबाजूंनी रेघा उमटत त्यांच्याकडे येत आहेत. मास्तर झाल्यावर एका पुस्तकात मी वाचले की डायनासोरांच्या काळी गवत नव्हतेच. मी भावाला मोठ्या ऐटीत ते ऐकवले. पुढे फजिती झाली, आणि ती आपल्या महाराष्ट्राने केली. चंद्रपूर जिल्ह्यात वरोड्याच्या बाजूला पिसदुरा नावाचे गाव आहे. तेथे डायनासोरांच्या शेणाचे दगड झालेले गोळे सापडतात. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या गोळ्यांत गवताच्या पेशींतले गारेचे सूक्ष्म कण शोधून काढले आणि २००५ साली ‘सायन्स’ पत्रिकेत ते प्रसिद्ध केले. डायनासोर गवत खात होते, याचा पुरावा जगाला पिसदुऱ्याच्या शेणाने दिला.

त्याच भागातल्या डोंगरगावी एका लांब मानेच्या डायनासोराची हाडे निघाली होती. सोहनलाल जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन छापले ते १९९७ साली. म्हणजे आम्ही दोघे परदेशी बेटावरचे प्राणी बघायला सोलापुरास धावलो, त्याच वर्षी! २००३ साली त्याला इसीसॉरस हे नवे नाव मिळाले, कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून. या देशात अशी हाडे पहिल्यांदा १८२८ साली जबलपुरास स्लीमनला सापडली, तोच ठगांचा बंदोबस्त करणारा स्लीमन. वळसंगला मात्र विहीर कितीही खोल खणा, हाड मिळायचे नाही. आमचा काळा दगड हा सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्या प्राण्यांच्या अखेरच्या दिवसांत तो दख्खनभर पसरत होता. एक विद्यार्थी मला म्हणाला, “सर, म्हणजे आपलं घर त्यांच्या मरणाच्या दगडाचं?” मी म्हटले, “मरणाला आकाशातून आलेला धोंडाही कारण झाला, बाबा. पण दगड त्याच वेळचा.”

आणि डायनासोर सगळे मेले कोठे? पक्षी त्यांचेच वंशज. आमच्या जिल्ह्यात त्या कुळातला एक मोठा पक्षी होता, माळढोक. त्याच्यासाठी १९७९ साली अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्र साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या घरात; नकाशावर गावेच्या गावे त्यात आली आणि शेतकऱ्यांना स्वतःची जमीन विकताना नाकी नऊ आले. पुढे ते बाराशे चौरस किलोमीटरवर आणले गेले. पक्षी तोवर विरळ होत चालले होते. माळ नांगरला गेला, उसाला पाणी आले, विजेच्या तारा आल्या. जड अंगाच्या या पक्ष्याला समोरचे नीट दिसत नाही, तो उडता उडता तारेवर आपटतो. मादी बहुधा वर्षाला एकच अंडे घालते. अलीकडच्या गणनांत नान्नजला एखाद-दुसरा पक्षी दिसला तर बातमी होते. माझे वडील सांगत की पूर्वी माळढोक दिसला तर बैल थांबवून पाहावे इतकेही त्याचे अप्रूप नव्हते.

राजस्थानात जैसलमेरच्या बाजूला २०१९ पासून माळावरची अंडी उचलून यंत्रात उबवतात. २०२४ च्या ऑक्टोबरात तेथे कृत्रिम रेतनाने पहिले पिल्लू जन्मले. बातमी वाचून मला ‘ज्युरासिक पार्क’मधली अंड्यांची खोली आठवली. मी वर्गात ती वाचून दाखवली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि तिने दुसऱ्या भागाचा प्रश्न विचारला: “सर, ती मोठी झाल्यावर सोडणार कुठं?”

बेट एकटे सोडा, हे पडद्यावर ठीक आहे. तेथे बेटावर कोणाचा ऊस नव्हता.

गेल्या पावसाळ्यानंतर मी मुलांना नान्नजला घेऊन गेलो. सोलापूर-बार्शी रस्त्यावरून आत वळलो तर गवत कमरेला लागत होते. पोरे ‘रॅप्टर, रॅप्टर’ करीत एकमेकांच्या अंगावर धावली, मी दटावले. मग सगळी गप्प बसून राहिली. ऊन कलले. काळविटांचा एक कळप समोरून गेला, एक खोकड दिसले, चंडोल पुष्कळ ऐकू आले. त्या मुलीने वहीत सगळ्यांची नावे लिहिली, माळढोकाचेही लिहिले आणि त्याच्यापुढची जागा कोरी ठेवली. गाडीची वेळ झाली तरी ती उठेना, म्हणून आम्ही आणखी अर्धा तास बसलो.